न भेटलेल्या माणसांची ओळख

अमेरिकेत शिकागोपासून जवळच क्रिस्टल लेक नावाचं गाव आहे. 1930च्या आसपास, ते अगदी लहान होतं तेव्हा, रूथ पीटरसन आणि एल. एल. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या शाळेतल्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. कृष्णवर्णीय लोकांबद्दल या मुलांना काय वाटतं, ते त्यातून मोजायचं होतं. काही दिवसांनी मुलांना ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा गाजलेला चित्रपट दाखवला आणि लगेच पुन्हा तसेच प्रश्न विचारले. मुलांचं मत चांगलंच बिघडलं होतं. पाच महिन्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते थोडं निवळलं होतं, पण मूळ जागी आलं नव्हतं. एका खेळाने केलेल्या परिणामाचा मोठा भाग तेव्हाही शिल्लक होता. या अभ्यासातली एक साधी नोंद मला आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. त्या गावात कृष्णवर्णीय वस्तीच नव्हती, आणि बहुतेक मुलांच्या ओळखीत असा एकही माणूस नव्हता. ज्या लोकांविषयी त्यांचं मत बिघडलं, त्यांची आणि या मुलांची पहिली भेट पडद्यावरच झाली होती.

याच अभ्यासकांनी उलट बाजूही तपासली. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती; तशात दुसऱ्या एका गावातल्या मुलांना ‘फोर सन्स’ हा जर्मन कुटुंबाची कहाणी सहानुभूतीने सांगणारा चित्रपट दाखवला, तर जर्मन लोकांविषयीचं मत सुधारलं. काही चित्रपटांनी मात्र काहीच फरक पडला नाही. पण एका सुरातले दोन-तीन चित्रपट लागोपाठ दाखवले, तर एकट्याने जे जमलं नव्हतं ते त्यांनी मिळून केलं. ‘पेन फंड’च्या पैशातून झालेलं हे संशोधन 1933 साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आता जुन्या वाटतात, तरी या तीन निष्कर्षांना नंतरच्या अभ्यासांनी बळच दिलं आहे: परिणाम बराच काळ टिकतो, तो चांगलाही असतो आणि वाईटही, आणि तो साचत जातो.

आपल्याकडे हा विषय निघतो तो वेगळ्याच वाटेने. कुठे गुन्हा घडतो, आरोपीने अमुक चित्रपट पाहिला होता असं बाहेर येतं, आणि चार दिवस वाद रंगतो. सिनेमाने पिढी बिघडवली, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा विचारतो, तोच चित्रपट लाखो लोकांनी पाहिला, त्यांनी कुठे खून केले? दुसऱ्या पक्षाचा प्रश्न बिनतोड आहे, म्हणून वाद तिथेच थांबतो, आणि चित्रपटाचा माणसावर फारसा परिणाम होत नाही अशी सोयीची समजूत घेऊन सगळे घरी जातात. ही समजूत चुकीची आहे, असं मला ठामपणे वाटतं. चित्रपटाने हातून काही करवून घेतलं का, या प्रश्नाने फार थोडं हाती लागतं. चित्रपट त्याहून खोल काम करतो. जग कसं आहे, त्यात कोण भला आणि कोण धोक्याचा, काय शोभतं, काय चालतं, कशाची लाज वाटायला हवी, याची एक समजूत तो मनात रुजवतो. ज्या बाबतीत आपल्याला स्वतःचा अनुभव भरपूर आहे तिथे त्याचं फारसं चालत नाही. जिथे अनुभव तोकडा आहे तिथे पडद्यावर पाहिलेलंच आपण अनुभव म्हणून जमेला धरतो.

हे घडतं कसं, ते पाहायला ‘द बर्थ ऑफ अ नेशन’चाच शेवट घ्यावा. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा हा मूकपट 1915 सालचा, तब्बल तीन तासांचा. शेवटच्या भागात एका झोपडीत काही गोरी माणसं अडकली आहेत आणि बाहेर कृष्णवर्णीय सैनिकांचा वेढा पडला आहे. दार आता टिकत नाही. तेवढ्यात दृश्य बदलतं आणि पांढरे झगे घातलेले कू क्लक्स क्लॅनचे स्वार धुरळा उडवत निघालेले दिसतात. पुन्हा झोपडी. पुन्हा घोडे. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि त्याच्या मनात एकच मागणं उरतं, की घोडे वेळेवर पोचू देत. हे मागताना आपण एका खुनशी संघटनेचा विजय मागतो आहोत, हे ध्यानात यायला उसंतच मिळत नाही. कॅमेरा झोपडीच्या आत आहे. आतल्यांचे चेहरे, त्यांचे थरथरते हात आपल्याला जवळून दिसतात. बाहेरचे म्हणजे नुसता जमाव. त्यांच्या मनात काय आहे, गुलामीच्या काळात त्यांनी काय सोसलं, हे चित्रपटाला विचारावंसंही वाटत नाही. कितीतरी कृष्णवर्णीय भूमिका तर गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केल्या होत्या. ग्रिफिथ यांना संकलनाचं तंत्र कमालीचं अवगत होतं, आणि ते तंत्र त्यांनी प्रेक्षकाची भीती कोणाच्या बाजूने उभी राहील हे ठरवण्यासाठी वापरलं.

पुढे जे झालं ते इतिहासात नोंदलेलं आहे. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी गावोगावी निषेध केला, तरी चित्रपट तुफान चालला. जवळजवळ नामशेष झालेली क्लॅन त्याच वर्षी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर नव्याने उभी राहिली आणि सभासद जमवण्यासाठी तिने हाच चित्रपट वापरला. क्लॅन म्हटलं की आज जळता क्रूस डोळ्यांपुढे येतो. पण एकोणिसाव्या शतकातली मूळ क्लॅन क्रूस जाळत नसे. ही कल्पना ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला होता तिच्यातून पडद्यावर आली आणि पडद्यावरून प्रत्यक्षात उतरली. अगदी अलीकडे, 2023 साली, अर्थतज्ज्ञ डेझमंड आंग यांनी त्या काळात हा चित्रपट कुठे कधी पोचला याच्या नोंदी जमवून वांशिक हिंसाचाराच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. चित्रपट ज्या भागात लागला तिथे त्यानंतर जमावाकडून होणाऱ्या हत्या आणि दंगली वाढल्या होत्या. पडद्यावरून रिवाज घरात येतो, याचं एक निरुपद्रवी उदाहरण आपल्या देशातही आहे. 1975च्या ‘जय संतोषी माँ’नंतर घरोघर शुक्रवार सुरू झाले, त्या दिवशी आंबट वर्ज्य झालं, गूळ-चण्याचा प्रसाद वाटला जाऊ लागला. व्रताची कथा आधीही होती, पण लाखो बायकांना देवी डोळ्यांनी दिसली ती थिएटरात.

चित्रपट काल्पनिक असतो हे शाळकरी पोरालाही कळतं, मग त्यावर विश्वास कोण ठेवतं, असं यावर कोणीही म्हणेल. काल्पनिक असल्याची जाणीव आपलं रक्षण करत असेल असं वाटणं स्वाभाविक आहे. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच तपासलं होतं. त्यांनी लोकांना एक गोष्ट वाचायला दिली: गर्दीच्या दुकानसंकुलात एका मनोरुग्णाच्या हातून लहान मुलीचा खून होतो. काहींना ही सत्यघटना आहे असं सांगितलं, काहींना बनवलेली कथा आहे असं. जे वाचक गोष्टीत जास्त गुंगून गेले, त्यांची जगाविषयीची मतं गोष्टीच्या बाजूला जास्त झुकली. आणि गोष्ट खरी की बनवलेली, या सूचनेने त्यात फरक पडला नाही. कथेत गुंतलेलं मन उलटतपासणी करत नाही. व्याख्यान ऐकताना आपण मनातल्या मनात वाद घालत असतो, वक्त्याचा हेतू ओळखू पाहतो. गोष्ट ऐकताना पुढे काय होणार याचीच ओढ असते. हा प्रयोग छापील गोष्टीवर झाला. चित्रपटाच्या हाताशी तर चेहरे, आवाज, संगीत आणि अंधार एवढं सगळं असतं.

याची उलटी बाजू दुसऱ्या महायुद्धात दिसली. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांना आपण का लढतो आहोत हे पटावं म्हणून दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्याकडून ‘व्हाय वी फाइट’ ही चित्रपटमालिका करून घेतली होती. कार्ल हॉवलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांवरचा तिचा परिणाम मोजला. चित्रपटातली माहिती सैनिकांना चांगली लक्षात राहिली, त्या माहितीशी जोडलेली काही मतंही बदलली. पण लढण्याची उमेद काही वाढली नाही. ज्याला स्वतःला बंदूक घेऊन जायचं आहे, त्याचा त्या बाबतीतला विचार घर, बायको, मुलं, मरणाची भीती यांनी आधीच भरलेला असतो. तिथे चित्रपटाला शिरायला जागा नव्हती. याच संशोधनात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. काही मतांवरचा परिणाम पाच दिवसांनी कमी दिसला आणि नऊ आठवड्यांनी जास्त. त्याचा एक अर्थ असा लावला गेला, की हे आपल्याला कोणी सांगितलं ते माणूस विसरत जातो आणि काय सांगितलं तेवढं राहतं. मग ते मत आपलं स्वतःचंच वाटू लागतं. मला चित्रपटामुळे काही होत नाही, असं माणसं इतक्या प्रामाणिकपणे सांगतात, त्याचं कारण मला यातच दिसतं.

अनुभवाची उणीव आणि चित्रपटाचा जोर यांचं नातं सर्वांत स्पष्ट दिसतं ते सिगारेटच्या बाबतीत. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमॉन्ट या अमेरिकी राज्यांतल्या 10 ते 14 वयाच्या, कधीही सिगारेटला हात न लावलेल्या 2,603 मुलामुलींवर काही संशोधकांनी एक ते दोन वर्षं लक्ष ठेवलं. हा अभ्यास 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. या मुलांनी कोणकोणते चित्रपट पाहिले आणि त्यांत धूम्रपान किती होतं, याचा हिशेब केला. सर्वांत कमी धूम्रपान पाहिलेल्या गटातल्या 3 टक्के मुलांनी या काळात सिगारेट ओढून पाहिली; सर्वांत जास्त पाहिलेल्या गटातल्या 17 टक्के मुलांनी. घरची परिस्थिती, मित्र, मुलांचा स्वभाव हे सगळं हिशेबात धरूनही फरक अडीच पटींहून जास्त राहिला. आणि ज्यांचे आईवडील सिगारेट ओढत नव्हते, त्या मुलांवर पडद्याचा परिणाम अधिक झाला. याचं कारण मला असं दिसतं, की ज्या घरात बाप सकाळी खोकत उठतो, कपड्यांना वास येतो, पैशावरून आईची कटकट चालते, तिथल्या मुलाला सिगारेट म्हणजे काय ते माहीत असतं. ज्याने घरी ती पाहिलीच नाही, त्याच्या लेखी सिगारेट म्हणजे पडद्यावरचा देखणा, बेफिकीर माणूस. भारतात 2012पासून चित्रपटाआधी आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी सूचना दाखवणं आणि दृश्याच्या खाली इशारा देणं सक्तीचं झालं, त्यामागे असेच पुरावे आहेत. पुष्कळ प्रेक्षकांना त्या सूचनांचा कंटाळा येतो. मला त्या योग्य वाटतात, कारण नायकाच्या हातातली सिगारेट जे दाखवत नाही, ते निदान एकदा तरी समोर येतं.

मराठी चित्रपटाने सर्वांत जास्त काळ जर कोणता विषय हाताळला असेल, तर तो बाईच्या सोसण्याचा. 1937 साली प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा म्हणून स्वीकारायला नकार देते, आणि शेवटपर्यंत हटत नाही. बाला-जरठ विवाहाचा विषय नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदा’ने तो 1899 सालीच रंगभूमीवर आणला होता. पण शांता आपटे यांची नीरा त्याच घरात राहते, कोणी सोडवायला येईल याची वाट पाहत नाही, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला बडवून काढते आणि नवऱ्याला त्याच्या अन्यायाची जाणीव करून देते. अशी बाई त्या वेळी कितीजणींच्या पाहण्यात असेल? नीरेने ती दाखवली. पुढे 1982 साली जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’तल्या सुलभाने नोकरीसाठी घराबाहेर पाऊल टाकलं आणि त्याची किंमतही मोजली. 1991च्या ‘माहेरची साडी’ने मात्र महाराष्ट्रभर गर्दीचे विक्रम केले ते सासरचा छळ मुकाट सोसणाऱ्या सुनेच्या कहाणीवर. गावोगावच्या बायका त्या चित्रपटात ओक्साबोक्शी रडल्या, कारण त्यांचं दुःख कोणीतरी एवढ्या मोठ्या पडद्यावर मांडलं होतं. त्या रडण्याचा मान ठेवूनच म्हणावंसं वाटतं, की चित्रपटाने त्यांचं दुःख ओळखलं आणि बदल्यात सोसणं हाच बाईचा मोठेपणा असल्याचं त्यांच्या पदरात टाकलं. अशा धर्तीचे चित्रपट एकामागून एक येत राहिले, की पेन फंडवाल्यांनी मोजलेला साचत जाणारा परिणाम किती होत असेल याची कल्पना करता येते.

चित्रपट समाजाचा आरसा आहे, समाजात छळ होता म्हणून पडद्यावर आला, असं यावर नेहमी सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण निम्मं. समाजात सोसणाऱ्या बाया होत्या तशा नकार देणाऱ्याही होत्या; पडद्यावर कोणाला जागा द्यायची हे कोणीतरी निवडतंच. शिवाय कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे वेगळं काढण्याची संधी 2000नंतर आपल्याच देशात मिळाली. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी 2001 ते 2003 या काळात बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि गोवा इथल्या घरांतून माहिती जमवली. या काळात काही गावांत केबल टीव्ही नव्याने आला, काहींत आला नाही. जिथे आला तिथल्या बायकांमध्ये, नवऱ्याने मारलं तर काय झालं, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचं म्हणणं वाढलं. हा बदल काही महिन्यांत दिसला. त्या वाहिन्यांवरच्या मालिका सासू-सुनांच्या भांडणांनी भरलेल्या होत्या, पण त्यांतल्या शहरी बायका एकट्या बाहेर पडत, कमावत, मोठ्याने बोलत. खेड्यातल्या बाईने ते भांडण बाजूला ठेवलं आणि राहणी टिपली. ब्राझीलमध्येही टीव्ही मालिका जिथे जिथे पोचल्या तिथे जन्मदर उतरल्याचं आढळलं. त्या मालिकांतल्या नायिकांना मुलं मोजकी असत. ही उदाहरणं मालिकांची आहेत, पण कथा पाहणारं मन एकच.

प्रेमाच्या बाबतीत तर आपल्याकडे कित्येक पिढ्यांना चित्रपटाशिवाय दुसरी शाळाच नव्हती. मुलामुलींनी एकमेकांशी मोकळेपणी बोलायची सोय नाही, घरात हा विषय काढायचा नाही, अशा समाजात तरुण मुलाने काय पाहिलं? नायिका नाही म्हणते, नायक तिचा पिच्छा पुरवतो, रस्ता अडवतो, गाणं म्हणतो, आणि मध्यंतरापर्यंत ती हसते. तिच्या नकारात होकार दडलेला असतो, हा धडा शेकडो चित्रपटांनी दिला. 2015 साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये दोन बायकांचा पाठलाग केल्याच्या खटल्यात एका भारतीय तरुणाच्या वकिलाने हाच मुद्दा न्यायालयात मांडला, की हिंदी चित्रपट पाहून वाढलेल्या त्याला हे वागणं साहजिक वाटत होतं. त्या तरुणाला तुरुंगवास झाला नाही. एका खटल्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि पाठलाग करणाऱ्याची जबाबदारी चित्रपटावर ढकलणं मला मुळीच मान्य नाही. तरी तो बचाव वकिलाला सुचला आणि ऐकणाऱ्यांना अगदीच हास्यास्पद वाटला नाही, यात पुष्कळ काही आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप आकडेवारीतून येतो. गॉर्डन डॉल आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी 1995 ते 2004 या काळातल्या अमेरिकी चित्रपटांची तिकीटविक्री आणि गुन्ह्यांची संख्या शेजारी शेजारी ठेवली. हिंसक चित्रपटांना जास्त गर्दी झाली, त्या त्या शनिवार-रविवारी मारहाणीचे गुन्हे वाढण्याऐवजी कमी झाले. कारणही त्यांनी शोधलं: हाणामारी करण्याचा संभव असलेले तरुण त्या वेळात थिएटरात बसलेले होते आणि दारू पीत नव्हते. हा अभ्यास चोख आहे आणि ‘पाहिलं की केलं’ या भाबड्या समजुतीला त्याने चांगलाच शह दिला. पण त्याने त्या रात्रीचा आणि त्या आठवड्याचा हिशेब मांडला. वर्षानुवर्षांच्या परिणामाविषयी आपण बोलत नाही, हे लेखकांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. एखाद्याची हिंसेबद्दलची शिसारी दहा वर्षांत किती बोथट झाली, हे शनिवार-रविवारच्या पोलीस नोंदींत दिसत नसतं.

प्रेक्षक म्हणजे ओला मातीचा गोळा नव्हे, हेही खरं आहे. 1971मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेत आर्ची बंकर नावाचा वर्णद्वेषी बाप होता; त्याची टर उडवून द्वेष हास्यास्पद ठरवायचा बेत होता. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी प्रेक्षकांना गाठून विचारलं, तर ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होता त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता. आपल्या दूरदर्शनवर 1984-85 साली ‘हम लोग’ने बायकांच्या समतेचा विचार पोचवायचा ठरवला. त्यातली सगळं निमूट सोसणारी भगवंती ‘असं होऊ नका’ हे सांगण्यासाठी उभी केली होती. कित्येक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. म्हणजे माणूस पडद्यावरून घेतो ते आपल्या मनात आधी असलेल्याशी जुळवून घेतो. मला यात माझ्या म्हणण्याला छेद दिसत नाही, उलट आधारच दिसतो. ज्याचं मत पक्कं आहे, त्याला चित्रपट हलवू शकत नाही. मत अजून बनायचं आहे अशा माणसाचं काय, हा प्रश्न राहतो. आणि लहान मुलांची तर जवळजवळ सगळ्याच बाबतीत मतं बनायची असतात.

म्हणून पडद्यावर कोण येतं आणि कॅमेरा कोणाच्या शेजारी उभा राहतो, याला मी इतकं महत्त्व देते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आठवून पाहा. कैकाडी समाजातला जब्या शाळेत जातो, शालू नावाच्या मुलीवर त्याचा जीव आहे, आणि एके दिवशी बापाबरोबर त्याला सगळ्या गावासमोर डुक्कर पकडायला लागतं. गावकरी सामना पाहायला बसावेत तसे गोळा होतात, टाळ्या पिटतात, चिडवतात. त्या गर्दीत शालूही हसते आहे. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि जब्याचं अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. मग पकडलेलं डुक्कर काठीला उलटं बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते, तिच्यावर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं. एकाही पात्राच्या तोंडी भाषण नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. गावातला डुक्कर पकडण्याचा तमाशा लांबून पाहिलेले प्रेक्षक महाराष्ट्रात पुष्कळ असतील. तो प्रसंग त्या पोराच्या जागी उभं राहून पाहिलेले फार थोडे होते. ग्रिफिथ यांनी ज्या तंत्राने माणसांचा जमाव करून टाकला, त्याच तंत्राने मंजुळे यांनी जमावातून एक मुलगा वेगळा काढून दाखवला.

असा चित्रपट नेमका काय करू शकतो, याचं मोजमापही झालं आहे. युगांडातल्या कंपाला शहरात एमा रायली यांनी 2016 साली राष्ट्रीय परीक्षेच्या थोडं आधी शाळकरी मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला मीरा नायर यांचा ‘क्वीन ऑफ कात्वे’ दाखवला, दुसऱ्याला परदेशी अद्भुतपट. पहिल्या चित्रपटात कंपालाच्याच झोपडपट्टीतली मुलगी बुद्धिबळात नाव काढते. ही फिओना मुतेसीची खरी गोष्ट आहे. हा चित्रपट पाहिलेल्यांपैकी दहावीच्या तोडीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांमध्ये गणितात नापास होणारे कमी निघाले, आणि मुलींना व अभ्यासात मागे असलेल्यांना त्याचा जास्त लाभ झाला. गणित चित्रपटाने शिकवलं नाही. आपल्यासारखीला हे जमतं, एवढं त्या मुलींना एका दुपारी दिसलं.

परिणाम एवढा खोल असेल तर मग बंदी घाला, कात्री चालवा, असं कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने के. ए. अब्बास यांच्या खटल्यात 1970 साली, चित्रपट इतर कलांपेक्षा भावना जास्त हलवतो या कारणाने पूर्वपरीक्षण वैध ठरवलं. त्याच न्यायालयाने 1989मध्ये रंगराजन खटल्यात, कोणी दंगलीची धमकी देतो म्हणून चित्रपट अडवता येणार नाही असंही बजावलं. मला दुसरा निकाल जास्त जवळचा वाटतो. कात्री पडद्यावर असलेल्या गोष्टीला लागते. जो माणूस पडद्यावर आलाच नाही त्याला ती आणू शकत नाही, आणि सर्वांत मोठं नुकसान तर त्या न येण्यानेच होतं. नकार देणारी नीरा आणि दगड मारणारा जब्या तक्रारींना घाबरणाऱ्या व्यवस्थेत आधी कापले जातात, निर्धास्तपणे पाठलाग करणारा नायक सुटतो.

2024पासून आपल्याकडे प्रमाणपत्रावर वयाचे टप्पे आले आहेत: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्यांसाठी, पालकांच्या मार्गदर्शनासह. मार्गदर्शन म्हणजे काय करायचं, हे मात्र पालकांना कोणी सांगितलेलं नाही. ते शिकवण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या आधाराने सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाचं शिक्षण रुजवलं, आणि फिल्म सोसायट्यांनी ते शहरोशहरी नेलं. पण ते मोठ्यांपुरतं आणि हौशी मंडळींपुरतं राहिलं. शाळेत कवितेचं रसग्रहण करायला शिकवतात. ज्या कलेच्या सहवासात मुलं कवितेपेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवतात, तिच्यासाठी सहसा एकही तास नसतो. आठवी-नववीच्या वर्गात मराठीच्या तासाला दहा मिनिटांचा एखादा प्रसंग दाखवून शिक्षकांनी विचारावं: कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? कोणाचा चेहरा जवळून दिसला आणि कोणाचा अजिबात नाही? आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा पाहिला, तर भीती कोणाची वाटते? यातल्या कोणाला तुम्ही खरोखर ओळखता? ही सुरुवात करायला वेगळं पाठ्यपुस्तक लागणार नाही, आणि एक प्रसंग दाखवता येईल एवढी साधनं आता पुष्कळ शाळांत आहेत.